सुपरमॅन ठाऊक असलेला सुपरमॅन

सुपरमॅनची जन्मकथा पहिल्यांदा छापली गेली तेव्हा तिच्या वाट्याला जेमतेम एक पान आले होते. जून १९३८ अशी तारीख असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅनची तेरा पानांची गोष्ट आहे. तिच्या आरंभीच्या काही चौकटींत एक दूरचा ग्रह जराजर्जर होऊन नष्ट होतो, एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला घाईघाईने तयार केलेल्या यानातून पृथ्वीकडे धाडतो, वाटेने जाणाऱ्या एका मोटारचालकाला ते मूल सापडते आणि तो त्याला अनाथालयात पोचवतो. ग्रहाला नाव नाही, आईवडिलांना नाव नाही, आणि पुढे ज्यांच्याशिवाय ही कथा सांगताच येईनाशी झाली ते शेतकरी पालकही अजून कुठे नाहीत. मात्र त्याच पानावर एक ‘शास्त्रीय स्पष्टीकरण’ आवर्जून दिलेले आहे : मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझे उचलते, नाकतोडा त्याच्या आकाराच्या मानाने प्रचंड अंतर उडी मारून पार करतो, तेव्हा अधिक प्रगत ग्रहावरच्या माणसाला असे बळ असले तर त्यात नवल ते काय, असा त्याचा रोख आहे. अद्भुताला वास्तवाचा टेकू देण्याची गरज या नायकाच्या निर्मात्यांना पहिल्याच पानावर भासली होती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे निर्माते म्हणजे ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात एकाच शाळेत शिकलेले दोन तरुण, लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, दोघेही लाजाळू, आणि दोघेही विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांवर वाढलेले. त्यांनी आपल्या नायकाचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला विकले, आणि त्यानंतर ती कथा त्यांची एकट्याची राहिली नाही. १९३९ च्या आरंभी वृत्तपत्रांत सुरू झालेल्या रोजच्या चित्रपट्टीत नष्ट झालेल्या ग्रहाला क्रिप्टॉन हे नाव मिळाले. १९४० पासून रेडिओवर चाललेल्या श्रुतिकांनी क्रिप्टोनाइट या घातक खनिजाची भर घातली. सुरुवातीला नुसत्या लांब उड्या मारणारा नायक यथावकाश उडू लागला. आणि त्याच्या शक्तीचा उगम पिवळ्या सूर्याच्या प्रकाशात आहे हे स्पष्टीकरण तर त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी आले. ज्याला वाचक सुपरमॅनची ‘मूळ’ कथा म्हणतात ती, थोडक्यात, अनेक हातांनी अनेक माध्यमांत रचत नेलेली आहे, आणि या अर्थाने तिची घडण आधुनिक कादंबरीपेक्षा पुराणकथेच्या अधिक जवळची आहे.

पुराणकथा पुन्हा सांगितल्या जातात, आणि प्रत्येक पिढी त्या आपल्या शंकांसकट सांगते. मराठी वाचकाला हा व्यवहार नवा नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातली माणसे चमत्कारांच्या वेष्टनातून बाहेर काढून त्यांच्या नात्यांच्या आणि स्वार्थांच्या उजेडात पाहिली, तर शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने नदीत सोडून दिलेल्या मुलाला स्वतःची बाजू मांडायला लावली, दोन्ही पुस्तके १९६७ ची आहेत. अमेरिकन कॉमिक्समध्ये अशा पुनर्कथनाला एक व्यावसायिक कारणही असते. सुपरमॅनच्या कथा छापणाऱ्या डीसी कॉमिक्स या कंपनीच्या शेकडो अंकांमधल्या घटना परस्परांशी जुळल्या पाहिजेत अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि या जुळणीला त्या व्यवसायात ‘कंटिन्यूइटी’ म्हणजे सातत्य म्हणतात. दशकांनुदशके साचलेल्या विसंगतींनी हे सातत्य डोईजड झाले की कंपनी पाटी कोरी करते आणि नायकाचा जन्म नव्याने मांडते. १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी ‘द मॅन ऑफ स्टील’ या सहा अंकांच्या मालिकेत ते केले, आणि २००३ मध्ये मार्क वेड व लेनिल यू यांनी ‘बर्थराइट’मध्ये ते पुन्हा केले. या मालिका चांगल्या आहेत, पण त्या एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : जर हे सारे घडले असेल, तर ते नेमके कसे घडले असेल?

कर्ट ब्यूसिक यांनी लिहिलेली आणि स्टुअर्ट इमोनेन यांनी चितारलेली ‘सुपरमॅन : सीक्रेट आयडेंटिटी’ ही २००४ मध्ये चार अंकांत प्रसिद्ध झालेली कथा हा प्रश्नच बाजूला ठेवते. तिच्यातले जग आपलेच आहे. त्या जगात सुपरमॅन आहे, पण तो जसा आपल्या जगात आहे तसा : कॉमिक्समध्ये, चित्रपटांत, मुलांच्या डब्यांवर आणि खेळण्यांच्या दुकानांत. कॅन्सस राज्यातल्या पिकेट्सव्हिल नावाच्या लहान गावात केंट आडनावाचे एक जोडपे राहते, आणि त्यांना आपल्या मुलाचे नाव क्लार्क ठेवण्याची गंमत सुचते. क्लार्क केंट हे सुपरमॅनचे सर्वसामान्य माणूस म्हणून वावरतानाचे नाव हे अमेरिकेत लहान मुलालाही ठाऊक असते. आडनाव तेंडुलकर असलेल्या घराने १९९५ साली मुलाचे नाव सचिन ठेवावे आणि मग शाळेच्या मैदानावर तो शून्यावर बाद झाला की काय होत असेल याचा ज्याला अंदाज करता येईल, त्याला या क्लार्कचे बालपण समजावून सांगण्याची गरज नाही. दर वाढदिवसाला त्याला सुपरमॅनच्याच वस्तू भेट मिळतात, दर ओळखीत तोच विनोद होतो, आणि विनोद करणाऱ्या प्रत्येकाला आपणच तो पहिल्यांदा केला असे वाटते. त्याचा विरंगुळा म्हणजे एकटेच रानात भटकणे आणि जुन्या टंकयंत्रावर आपल्या मनातले लिहून काढणे.

अशाच एका भटकंतीत, रात्री उघड्यावर झोपलेला असताना, त्याला जाग येते ती जमिनीपासून वर, हवेत.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, आणि ब्यूसिक यांनी तिचे मूळ कधी लपवलेही नाही. १९६१ मध्ये ‘द फ्लॅश’च्या १२३ व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फॅन्टिनो यांनी असा नायक दाखवला होता की ज्याने आपल्या पूर्वसुरीच्या गोष्टी लहानपणी कॉमिक्समध्ये वाचल्या होत्या आणि जो एके दिवशी त्याच पूर्वसुरीच्या जगात जाऊन पोचतो. पुढे १९६८ मध्ये डीसीने आपल्या अनेक समांतर जगांत वाचकांच्या खऱ्या जगालाही एक जागा दिली आणि त्याला ‘अर्थ-प्राइम’ हे नाव पडले. या अर्थ-प्राइमवरचा एक किशोरवयीन क्लार्क केंट, ज्याला आपल्यात त्या काल्पनिक नायकाच्या शक्ती असल्याचा शोध लागतो, इलियट मॅगिन आणि कर्ट स्वान यांनी १९८५ मध्ये ‘डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स’च्या ८७ व्या अंकात रंगवला. पण त्या अंकात तो मुलगा पुरता उभा राहण्याआधीच विश्वांच्या महायुद्धात ओढला गेला, आणि वीस वर्षांनी ‘इन्फिनिट क्रायसिस’ या मालिकेत कंपनीने त्याला खलनायक करून टाकले : आवडते नायक पूर्वीसारखे निर्मळ राहिले नाहीत म्हणून चवताळलेला आणि जगाची मोडतोड करायला निघालेला वाचक. ब्यूसिक यांचे वेगळेपण असे की त्यांनी त्या मुलाला महायुद्धात जाऊच दिले नाही. त्याला त्यांनी घरी ठेवले, मोठे होऊ दिले आणि त्याचे लग्न लावून दिले.

कथेचे चार भाग आयुष्याच्या चार अवस्थांना वाहिलेले आहेत आणि त्यांची नावे, स्मॉलव्हिलपासून आरंभ करून, सुपरमॅनच्या परिचित दुनियेतूनच घेतलेली आहेत. पहिल्या भागात किशोरवय आणि शक्तीचा शोध आहे. दुसऱ्यात क्लार्क न्यू यॉर्कमध्ये एका नियतकालिकात काम करतो आहे आणि सहकारी गंमत म्हणून त्याची गाठ लोइस नावाच्या तरुणीशी घालून देतात, कारण सुपरमॅनच्या प्रेयसीचे नाव लोइस असते हेही सर्वांना ठाऊक आहे. तिसऱ्यात तो बाप होणार आहे आणि त्याला हादरवणारी भीती स्वतःबद्दलची नाही. चौथ्यात केस पांढरे होत आहेत, शक्ती ओसरते आहे, आणि जेन व कॅरल या जुळ्या मुली मोठ्या झाल्या आहेत. या लोइसचे आडनाव चौधरी आहे आणि ती भारतीय वंशाची आहे. भारतीय वाचकाला हा तपशील सुखावतो खरा, पण तिच्या भारतीयपणाचा कथेला आडनाव आणि चेहरा यांपलीकडे फारसा उपयोग करून घेता आलेला नाही, हेही नोंदवायला हवे. नाव घेऊन आयुष्यभर चेष्टा सोसलेली दोन माणसे त्या चेष्टेच्याच कृपेने एकमेकांना भेटतात, ही योजना मात्र फार सुबक आहे.

कथेतला सर्वांत हुशार विचार पोशाखाविषयीचा आहे. सुपरहिरोंच्या कथांमध्ये घट्ट, भडक रंगांचा पोशाख ही वास्तवाच्या कसोटीवर सर्वांत आधी कोसळणारी गोष्ट मानली जाते, आणि वास्तवाची कास धरणारे लेखक बहुधा सर्वांत आधी तोच काढून टाकतात किंवा त्याला चिलखताचे रूप देतात. ब्यूसिक यांचा क्लार्क उलट दिशेने विचार करतो. रात्रीच्या वेळी पुरातून, आगीतून किंवा अपघातातून एखाद्याला वाचवताना तो मुद्दाम सुपरमॅनचाच पोशाख घालतो, कारण वाचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी ‘मला सुपरमॅनने वाचवले’ असे सांगितले तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? काळ्या कपड्यांतला अनोळखी उडता माणूस ही बातमी झाली असती, तर लाल झग्यातला सुपरमॅन हा निव्वळ भ्रम ठरतो. जगाला गोष्ट ठाऊक आहे, म्हणूनच ती गोष्ट लपण्याची सर्वांत सुरक्षित जागा आहे. मूळ कथेत क्लार्क केंट हे चष्म्याआडचे सोंग असते आणि सुपरमॅन हे खरे रूप. इथे क्लार्क हाच खरा माणूस आहे आणि सुपरमॅन हा त्याचा मुखवटा. दोन बाजूंची ही अदलाबदल कुठल्याही घोषणेशिवाय, निव्वळ व्यवहारी तर्काने घडते, आणि या एका युक्तीत ‘स्वतःची जाणीव असलेली कथा’ म्हणजे काय हे जितके स्पष्ट होते तितके पानभर व्याख्येने होणार नाही.

वास्तववाद या संज्ञेचा कॉमिक्समध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून एक विशिष्ट अर्थ रूढ झाला होता. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ आणि फ्रँक मिलर यांची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या दोन्ही १९८६ मध्ये प्रकाशित होऊ लागलेल्या कृतींनी असा प्रश्न विचारला की खऱ्या जगात मुखवटे घालून मारामाऱ्या करणारी माणसे कशी असतील, आणि त्यांचे उत्तर असे होते की ती विकृत, सूडग्रस्त किंवा सत्तेच्या हातची बाहुली असतील. दोन्ही कृती असामान्य आहेत. त्यांच्या अनुकरणातून मात्र अशी समजूत पसरली की रक्त, शिव्या आणि नैराश्य यांचे प्रमाण वाढवले की कथा वास्तव होते. ब्यूसिक यांनी १९९४ च्या ‘मार्व्हल्स’मध्ये एका छायाचित्रकाराच्या नजरेतून, आणि १९९५ पासूनच्या ‘ॲस्ट्रो सिटी’मध्ये साध्या नागरिकांच्या नजरेतून, सुपरहिरोंकडे पाहण्याचा वेगळा मार्ग आधीच शोधला होता. ‘सीक्रेट आयडेंटिटी’त हा मार्ग नायकाच्या घरात शिरतो. क्लार्कच्या प्रश्नांचे स्वरूप पाहा : हे कुणाला सांगावे, सांगितले तर त्या माणसाच्या डोळ्यांतला आपण बदलून जाऊ का, होणाऱ्या मुलाला हे मिळेल का, आणि मिळाले तर त्याला कोण शोधत येईल. हे प्रश्न उडता न येणाऱ्या माणसालाही पडतात, फक्त त्याच्या गुपिताचे नाव वेगळे असते.

इमोनेन यांची चित्रे या स्वराला धरून आहेत. इथे शाईच्या काळ्या रेषांचा ठसठशीतपणा कमी केलेला आहे, रंग दबके आहेत, आणि उडण्याची दृश्ये वेगापेक्षा उंचीवर भर देतात : खाली पसरलेली शेते, ढग, आणि त्यांत एक छोटी आकृती. निवेदन टंकलिखित अक्षरांत आहे, कारण ते क्लार्कने टंकयंत्रावर लिहिलेले आहे. पात्रांच्या बोलण्याचे फुगे आणि नायकाचे मनोगत यांतला हा दृश्य फरक वाचकाला सतत आठवण देत राहतो की समोरचा मजकूर एका लेखकाचे खाजगी लेखन आहे. पत्रकार असलेला सुपरमॅन पूर्वीपासून होता, पण स्वतःविषयी कुणालाही वाचायला न देता लिहिणारा लेखक म्हणून तो क्वचितच दिसला होता.

या कथेचे सर्वांत मोठे धाडस मात्र चौथ्या भागात आहे, आणि ते समजण्यासाठी इटालियन विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधाची मदत होते. एको यांचे म्हणणे असे की प्राचीन पुराणकथेतल्या नायकाची गोष्ट आधीच घडून गेलेली असते, तर कादंबरीतल्या नायकाचे पुढे काय होईल ही उत्सुकता असते. सुपरमॅनला दोन्ही व्हायचे असते, आणि तिथेच पेच पडतो. काहीही खरोखर घडले, लग्न झाले, मूल झाले, की तो नायक मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो, आणि दर महिन्याला विकायच्या मालाला ते परवडत नाही. म्हणून त्याच्या कथा स्वप्नातल्यासारख्या धूसर काळात घडतात, जिथे आधीच्या अंकाचा परिणाम पुढच्या अंकावर होत नाही. डीसीने पुढे, १९९६ मध्ये, सुपरमॅनचे लग्न लावले, पण २०११ मध्ये पाटी पुन्हा कोरी करताना ते पुसून टाकले, हे एको यांच्या निरीक्षणाला मिळालेले बोलके प्रमाणपत्र म्हणता येईल. ‘सीक्रेट आयडेंटिटी’ मुख्य मालिकेच्या बाहेर असल्यामुळे तिला ही बेडी नव्हती. तिच्यात एक सुपरमॅन खरोखर खर्च होतो. तो थकतो, त्याला पूर्वीइतके वेगाने जाता येत नाही, आणि मुलींना शक्ती लाभल्याचे कळते तेव्हा आनंद आणि काळजी त्याच्या मनात एकाच वेळी येतात. शक्ती नेमकी कुठून आली याचा उलगडा कथा शेवटपर्यंत पूर्णपणे करत नाही. क्रिप्टॉन नाही, यान नाही, पिवळा सूर्य नाही. जन्मकथेच्या पुनर्कथनात जन्माचे रहस्यच अर्धवट सोडून देणे हा काहींना दोष वाटेल, परंतु मुंगी आणि नाकतोडा यांच्या दाखल्यापासून सुरू झालेल्या स्पष्टीकरणांच्या परंपरेत हा संयम ताजा वाटतो.

कथेची दुखरी जागा दुसरीकडे आहे. क्लार्कच्या मागावर सरकारी यंत्रणा असते. एकदा ती त्याला पकडते, प्रयोगशाळेत तो शुद्धीवर येतो, आणि आपल्यासारख्या इतरांचे काय झाले याची खूण त्याला तिथे दिसते. हा भाग असंख्य चित्रपटांत पाहिलेला आहे आणि इथेही तो उसना वाटतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे त्यावर निघालेला तोडगा. पुढे, कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी, तो त्याच यंत्रणेतल्या मॅलॉय नावाच्या अधिकाऱ्याशी समझोता करतो की आपल्याला आणि घरच्यांना शांतपणे जगू द्यायचे, आणि बदल्यात आपण काही गुप्त कामगिऱ्या पार पाडू. त्या कामगिऱ्यांत आपल्या मनाला पटेल तेच करण्याची सवलत तो राखून ठेवतो, हे खरे. तरीही एका सरकारच्या हाती कुणालाही न कळता असा माणूस असणे याचा अर्थ काय, त्याचा जाब कोण विचारणार, हा प्रश्न कथेच्या मायाळू स्वरात विरघळून जातो. १९३८ चा पहिला सुपरमॅन उडू शकत नव्हता आणि त्याची रेखाटनेही ओबडधोबड होती, पण त्याच पहिल्या गोष्टीत तो वॉशिंग्टनला जाऊन एका सिनेटरला वश करणाऱ्या दलालाच्या मानगुटीला धरतो. घर आणि खाजगीपणा यांचे मोल ब्यूसिक यांना नेमके कळले आहे. सार्वजनिक जीवनात मात्र त्यांचा नायक त्या जुन्या, रागीट तरुणाच्या मागे पडतो.

ब्यूसिक यांना स्वतःला हे प्रकरण इथे संपले असे वाटले नसावे, कारण २०१७ मध्ये त्यांनी जॉन पॉल लिओन या चित्रकाराबरोबर ‘बॅटमॅन : क्रीचर ऑफ द नाइट’ ही जोडकथा सुरू केली. तिचा आरंभ १९६८ च्या बॉस्टनमध्ये होतो. ब्रूस वेनराइट नावाचा एक मुलगा बॅटमॅनची कॉमिक्स मन लावून वाचतो, बॅटमॅनच्या खऱ्या नावाशी आपल्या नावाचे असलेले साम्य त्याला अभिमानाचे वाटते, आणि मग त्याचे आईवडील घरात शिरलेल्या चोरांच्या हातून मारले जातात, जवळजवळ पुस्तकातल्यासारखेच. त्याच्या रागाला प्रतिसाद देणारा वटवाघळासारखा एक प्राणी शहरात वावरू लागतो. तो खरा आहे की त्या मुलाच्या मनाचा खेळ, हे बराच काळ स्पष्ट होत नाही. क्लार्कला पाठ असलेली गोष्ट लपायला उपयोगी पडली होती. ब्रूस मात्र आपल्या दुःखाला पुढे कुठले वळण मिळायला हवे हे त्याच कॉमिक्सच्या पानांवरून ठरवत राहतो, आणि मोठेपणी त्याच्या मनाचा तोल ढळू लागतो तेव्हाही ती पाने त्याला सोडवत नाहीत.